ताटलीतला महाल

कुवेतमध्ये चीनच्या बादशहाच्या धर्तीवर एक घर उभं राहिलं, त्याला माझ्या नवऱ्याची जीभ कारणीभूत आहे. झहूर तेव्हा हाजी सालेमच्या पेढीवर फराश होता. फराश म्हणजे ऑफिसात चहा-कॉफी करणारा, पाहुण्यांना बसवणारा, आणि साहेब आत आहेत की नाहीत हे आत जाऊन साहेबांनाच विचारून येणारा माणूस. या कामात बोलावं फार लागत नाही. पण झहूरने आधीची उमर आगबोटीवर काढली होती, चीनच्या लाइनीवर, खलाशांचा भात रांधत. पाण्यावर गप्प राहिलेला माणूस जमिनीला लागला की त्याला आवरणं कठीण असतं.

आमचं लग्न जुनं होतं, संसार नवा होता. तो बोटीवर आणि मी दाभोळला त्याच्या आईपाशी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. रजेवर आला की माझ्यासाठी रेशीम आणायचा, सासू ते पेटीत ठेवायची आणि चावी स्वतःच्या कमरेला लावायची. तो गेला की मी पुन्हा मोरीत. माझ्या सासूचं नाव झुलेखा. बाई वाईट नव्हती, पण घासलेल्या भांड्यात तिला तोंड दिसावं लागे. शिवाय ती डावखुरी. घर तिने स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, म्हणून मोरीतला घासायचा दगड डाव्या हाताला. मी उजव्या हाताची. इतकी वर्षं मी अंग पिळवटून भांडी घासली, आणि माझा खांदा कायमचा दुखरा झाला.

मग झहूरने बोट सोडली, कुवेतला नोकरी धरली आणि पंचावन्न साली मला बोलावून घेतलं. आधी तो खैतानला गाववाल्या पुरुषांबरोबर एका खोलीत राहत होता. तिथे बाईमाणसाला जागा नव्हती. पण हाजी सालेमची म्हातारी आई गावाच्या भिंतीच्या आत, समुद्राजवळच्या जुन्या मातीच्या घरात राहत होती. आदल्या वर्षीच्या पावसात त्या घराच्या काही खोल्या बसल्या होत्या. हाजी बायकामुलांना घेऊन भाड्याच्या नव्या घरात गेला, आई गेली नाही. तिला जवळजवळ दिसत नव्हतं. तिचं रांधायला आणि हात धरायला कुणी तरी हवं होतं, म्हणून मागच्या अंगाची खोली आम्हाला मिळाली. त्या खोलीला आतून कडी होती. पहिल्या दिवशी मी ती कडी उगाचच पुन्हा पुन्हा लावून पाहिली. माझ्या स्वतःच्या हाताने लावायची कडी मला तोवर मिळालेली नव्हती, आणि मला फार आनंद झाला होता.

तो आनंद एक वर्षही पुरला नाही. जुन्या गावातून रुंद रस्ता जायचा होता, सरकारने घर विकत घेतलं आणि पुढच्या उन्हाळ्याआधी ते रिकामं करायला सांगितलं. हाजीने भिंतीबाहेरच्या नव्या वस्तीत प्लॉट घेतला. आईला सांगायला आला. म्हातारीचं नाव उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. दुसऱ्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. ऐन तारुण्यात ती नवऱ्याबरोबर मुंबईत राहिली होती, त्यामुळे तिला मुंबईचं हिंदुस्तानी येत होतं आणि आमचं त्यावर भागत होतं. हाजीचं घरचं आणि पेढीवरचं अरबी बोलणंही मी इथे त्याच हिंदुस्तानीत सांगते. मुलाने हात जोडले, समजावलं, रडलासुद्धा. ती बसल्या जागेवरून हलली नाही.

बैठकीच्या कोनाड्यात एक निळी-पांढरी चिनी ताटली उभी करून ठेवली होती. नवऱ्याने मुंबईहून आणलेली. तिच्यावर एक महाल, कोपरे वर वळलेलं छप्पर, समोर पाणी, मागे डोंगर, एक झुकलेलं झाड आणि पाण्यावर पूल. म्हातारीने त्या दिशेला बोट केलं.

"वो घर बनाव," ती म्हणाली. "फिर मैं आती."

आता हे म्हणजे मला सोडा असं सांगण्याची रीत होती. मला कळलं, दारातल्या मांजरालाही कळलं असेल. हाजी सालेमला कळलं नाही. धंद्यात तो समोरच्याचं खोटं वासावरून ओळखायचा, पण आईचा शब्द आला की तो हुकूम. तो पेढीवर गेला आणि विचारलं, इथे चीन कुणी पाहिलाय? झहूर कॉफीचं भांडं घेऊन उभा होता.

"मैंने," झहूर म्हणाला.

चीन त्याने पाहिला होता तो धक्क्यापासून धक्क्यासमोरच्या चहाच्या दुकानापर्यंत. दुकानाच्या पलीकडे गेलं तर बोट सुटेल अशी त्याला कायम धास्ती. पण त्याच्या बोटीवर आ सेंग नावाचा एक चिनी सुतार होता. त्याचा आजा म्हणे पेकिंगला बादशहाच्या महालांची आणि डोंगरावरच्या देवळांची डागडुजी करणाऱ्यांत होता. दुपारी डेकवर आ सेंग रंधा मारायचा, झहूर बटाटे सोलायचा, आणि आ सेंग आजाच्या गोष्टी सांगायचा, अर्ध्या हिंदुस्तानीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांनी. चीनची सगळी वास्तुविद्या माझ्या नवऱ्यापर्यंत अशी बटाट्याच्या सालींबरोबर पोचली होती.

हाजीने अट स्पष्ट घातली. माझी आई आपल्या पायांनी नव्या घरात गेली तर मागची एक खोली तुमची, कायमची. नाही गेली तर मला तिला उचलून माझ्या घरी न्यावं लागेल. तिथे बायका पुष्कळ आहेत, तुझ्या बायकोची गरज नाही, तिला मुलखात पाठव. हे त्याने रागाने सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

"तुमी काय बोललाव?" मी झहूरला विचारलं.

"बोललो, इन्शाल्ला."

"आनि चीन?"

"चीन मना ठाव हाय," तो म्हणाला, आणि बटाटे शोधायला लागला.

हाजीचा इंजिनियर बैरूतचा होता. चांगला माणूस, नेहमी इस्त्रीत. त्याने ताटली हातात घेतली, सवयीने उलटी केली आणि म्हणाला की ही हॉलंडमध्ये बनलेली आहे, मागे शिक्का आहे. हाजीने ताटली त्याच्या हातातून घेऊन सुलटी केली. "इसको उलटा मत करो," एवढंच तो म्हणाला. हॉलंडचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही.

मग पेढीवर बैठका सुरू झाल्या. हाजी गादीवर, इंजिनियर खुर्चीवर आणि झहूर कॉफीचं भांडं घेऊन उभा. भांडं खाली ठेवायला त्याला कुणी सांगितलं नाही, त्यामुळे चीनचं सगळं शास्त्र त्याने उभ्याने सांगितलं. तिकडे एक जुना पंथ आहे, तो म्हणाला, ताओ. ताओ म्हणजे वाट. वारा आपल्या वाटेने जातो, पाणी आपल्या वाटेने जातं, माणसाने मध्ये हात घालू नये. म्हणून घर बांधायचं ते वाऱ्या-पाण्याशी भांडून नाही. पाठीशी डोंगर हवा, तो वारा अडवतो. पुढ्यात पाणी हवं, ते बरकत थांबवून धरतं. दरवाजा दक्षिणेला. दरवाज्यासमोर एक आडवी भिंत, कारण वाईट गोष्ट नेहमी सरळ चालते, तिला वळता येत नाही. भिंतीवर आपटते आणि परत जाते. छपराचे कोपरे वर वळवायचे, म्हणजे वरून आलेलं वरच जातं. लाकडाला खिळा ठोकायचा नाही, लाकूड लाकडात बसवायचं, म्हणजे जमीन हलली तर घरही जरा हलतं आणि मग उभं राहतं. आकाश गोल आणि जमीन चौकोनी, म्हणून बादशहा जिथे आकाशापुढे वाकतो ते छप्पर गोल. इथे हाजीने हात वर केला. त्या कामाला मशीद आहे, पुढे बोल.

"बीच में क्या?" हाजीने विचारलं.

"बीच में कुछ नहीं," झहूर म्हणाला.

इंजिनियरने मधल्या चौकात कारंजं काढलं होतं. हाजीला तिथे नवी शेव्हरोले गाडी उभी करायची होती. पण झहूर हटेना. बादशहाचं सगळ्यात मोठं आवार रिकामं असतं. भिंती असतात त्या फक्त रिकामी जागा सांभाळायला. आणि त्याच्या एका दालनात तख्ताच्या वर पाटी आहे, तिच्यावर फक्त दोन अक्षरं: काही करू नका. बादशहाने मध्ये बसायचं, राज्य आपोआप चालतं. हाजीने कॉफीचा पेला पुढे केला. त्याच्या आईने गेलं वर्षभर नेमकं हेच चालवलं होतं, पण हे त्याच्या लक्षात आलं की नाही ते मी सांगू शकत नाही. माझ्या नवऱ्याला मात्र हे तत्त्व पहिल्यापासून पटलेलं होतं. घरी पाणी भरायची वेळ आली की तो हमखास चिनी व्हायचा.

चौक रिकामा ठेवायचं ठरलं. मग इंजिनियरने पेन्सिल चौकाच्या मागे नेली आणि विचारलं, आत काय? इथे पंचाईत झाली. आ सेंगची गोष्ट चौकापर्यंत आली तेव्हा बोट बंदराला लागली होती आणि बटाटे संपले होते. आतलं काही झहूरला ठाऊक नव्हतं. पण हाजी बघत होता, इंजिनियर थांबला होता, आणि झहूरने आख्ख्या दुनियेत एकच घर आतून नीट पाहिलेलं होतं. त्याने ते सांगून टाकलं.

नकाशा दाखवायला तो दुपारी आमच्या खोलीवर घेऊन आला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा. मी शिकलेली नाही, पण घर ओळखायला शिकावं लागत नाही. चौकाच्या मागे ओटी, ओटीच्या मागे माजघर, एका अंगाला लांब पडवी, आणि पडवीच्या टोकाला एक छोटा चौकोन, त्यात डावीकडे एक ठिपका.

"ह्यो काय हाय?"

"मोरी."

"कुनाची?"

"बादशहाची."

"बादशहाच्या मोरीत दगड डाव्या अंगाला कसा?" मी विचारलं. "डाव्या हाताने घासनारी बाय मना एकच ठाव हाय."

झहूर नकाशा गुंडाळायला लागला. चीनच्या सम्राटाच्या अंतःपुरात माझी सासू बसली होती. जिच्यापासून सुटून मी समुद्र ओलांडून आले तिची मोरी माझ्या आधी नव्या घरात पोचली होती, आणि इंजिनियरची सही घेऊन. मला इतका राग आला की मला रडूच आलं. झहूर म्हणाला, आता काही करता येत नाही, नकाशा पास झालाय. म्हणाला, भांडी तू उजव्या हाताने घास, कोण बघतंय. त्या दिवशी मी त्याला आमटीत मीठ घातलं नाही.

उम्म सालेमला मात्र घर कसं होतंय याची काही उत्सुकता नव्हती. ती मला फक्त ताटलीबद्दल विचारायची. ताटली मांडीवर घ्यायची, बोट फिरवायची, चित्र तिला पाठ होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती तिच्याकडे बघत आली होती. चित्रात पुलावर तीन माणसं आहेत, एकामागे एक.

"ये तीन लोग किधर जाते, बिंती?" बिंती म्हणजे माझी लेक, मला ती तशीच हाक मारायची.

पहिल्यांदा मी म्हटलं, बाजारात जात असतील. दुसऱ्यांदा म्हटलं, नमाजाला. तिला कुठलंच उत्तर पटत नव्हतं.

"घर से बाहर जाते," एकदा ती स्वतःच म्हणाली. "पीठ घर को. साठ साल देखा मैंने. कोई अंदर नहीं आता."

तिचा नवरा मोठ्या गलबतावर नाखुदा, म्हणजे कप्तान होता. मलबार, झांझिबार, वर्षातले कितीतरी महिने बाहेर. शेवटच्या खेपेहून तो आलाच नाही. मी तिच्या हातातली ताटली पाहिली. मलाही तोवर त्यांतला पुढचा माणूस झहूरसारखा दिसायला लागला होता. रजा संपली की अंगणातून गल्लीत जाणारी त्याची पाठ मला इतकी पाठ होती की त्याच्या सदऱ्याची शिवण मी डोळे मिटून सांगितली असती. तसं मी तिला सांगितलं. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला तिची माया लागली ती तेव्हा.

तिचं चालणंही मी तेव्हाच नीट पाहिलं. डोळे नसताना ती त्या घरात कुठेही अडखळायची नाही. रस्त्यावरचं दार, दाराच्या आत समोर भिंत, मग डावीकडे वळण, भिंतीच्या खडबडीत गिलाव्यावर तळहात, आणि मग डोक्यावर ऊन लागलं की चौक आला. चौकात काही नाही. मी झहूरला म्हटलं, तुमच्या आ सेंगची आडवी भिंत तर ही काय, आपल्या दारात उभी हाय. तो बाहेर जाऊन बघून आला. रोज त्या भिंतीला वळसा घालून तो कामाला जात होता, पण ती चीनमध्ये असते असं समजून चालला होता. इथल्या लोकांनी ती रस्त्यावरच्या परक्याची नजर आत जाऊ नये म्हणून बांधलेली. मग मी त्याला सांगितलं, नव्या घरात वळण डावीकडेच ठेवा आणि भिंत गुळगुळीत करू नका. दुसऱ्या दिवशी त्याने पेढीवर सांगितलं की चीनमध्ये सगळे डावीकडेच वळतात.

बांधकाम सुरू झालं. कौलं मंगलोरची आली, बोटीने. बादशहाच्या छपराच्या कडेवर जनावरांची रांग असते आणि सगळ्यांत पुढे कोंबडीवर बसलेला एक माणूस असतो, हेही झहूर सांगून बसला होता. मशिदीतल्या मुल्लाने ऐकलं तेव्हा तो छपराखाली आला आणि म्हणाला, जिवंत प्राण्याची मूर्ती नको. मग गवंड्याने बिनतोंडाचे गोळे करून बसवले. बादशहाला दहा जनावरं, त्याखालच्यांना हुद्द्याप्रमाणे कमी, असा नियम होता. हाजीने शेजारच्या प्लॉटवाल्याच्या गच्चीचे कळस मोजले आणि त्याहून एक गोळा जास्त सांगितला.

पेकिंगला बादशहाची पुस्तकं ठेवायच्या दालनाला काळी कौलं आहेत म्हणे, कारण काळा रंग पाण्याचा आणि पाणी आगीला जवळ येऊ देत नाही. हाजीकडे पुस्तकं नव्हती. आग स्वयंपाकघरात असते, म्हणून स्वयंपाकघराची कौलं काळी रंगवली. कुवेतच्या उन्हात त्या छपराखाली चूल न पेटवताही भात शिजला असता.

डोंगर करायला पाया खणताना निघालेली वाळू मागे ढीग करून ठेवली. वारा सुटला की डोंगर शेजाऱ्याच्या प्लॉटवर जायचा आणि मजूर तो टोपल्यांनी परत आणायचे. झुकलेलं झाड वफ्रा गावच्या एका शेतावरून मुळांसकट आणलं. ते येताना सरळ होतं, पण पाणी टँकरचं, तेव्हा आठवड्याभरात हवं तसं झुकलं. पुढ्यात सिमेंटचा लांब हौद केला आणि त्यावर दारापर्यंत जायला छोटा पूल. इंजिनियर शेवटच्या दिवशी घरासमोर उभा राहिला, आणि त्याने टाय सैल केला. मलाही तो दिवस आठवतो. ते घर चीनचं दिसत नव्हतं, दाभोळचं नाही, कुवेतचंही नाही. पण वाईटही दिसत नव्हतं.

उम्म सालेमला आणायचा दिवस ठरला. आम्ही आमची ट्रंक आणि वळकटी बांधून आधीच येऊन नव्या घरासमोर रस्त्याच्या कडेला थांबलो होतो, कारण हाजीने सांगितलं होतं की आई हो म्हणेपर्यंत तुमचं सामान आत न्यायचं नाही. जुनी खोली त्याच सकाळी रिकामी केली होती. कडी मी शेवटची लावली ती बाहेरून. आता या घरात जागा मिळाली तर संसार, नाही तर मी आगबोटीवर आणि तो परत खैतानला पुरुषांत. झहूरने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी खाल्लं होतं, पण काय ते आठवत नाही.

शेव्हरोले आली. म्हातारी उतरली. मुलाचा हात तिने बाजूला केला, तसा तो मागून चालला. पुलावरून गेली, दारातून आत गेली, समोर भिंत लागली तशी आपसूक डावीकडे वळली. तळहात गिलाव्यावर ठेवला आणि तो तसाच ठेवून चालत राहिली. मी पुलापर्यंत पुढे येऊन आत डोकावत होते. आडव्या भिंतीमागचं दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तिची पावलं चौकात थांबली. तिच्या डोक्यावर ऊन आलं असणार.

"युम्मा," हाजी आईला म्हणाला, "ठीक है?"

"छप्पर?"

"है."

"पानी? झाड? पहाड?"

पहाड त्या दिवशी जागेवर होता. हाजीने सगळ्याला हो म्हटलं.

"और पुल के ऊपर तीन लोग?"

हे कुणी नकाशात धरलं नव्हतं. आत थांबलेल्या इंजिनियरने बहुतेक झहूरला शोधलं असेल, पण झहूर माझ्याजवळ बाहेर उभा होता.

"लोग बिना वो घर नहीं," म्हातारी म्हणाली. "चल सालेम, गाड़ी बुलाव."

एवढं सगळं करून ती परत जाणार, आणि जायला जुनं घरही उरलेलं नाही. मला तिचा राग आला, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की तिचं बरोबर आहे. झहूरने मात्र काही वाटून घेतलं नाही. त्याने ट्रंक डोक्यावर घेतली.

"आते हैं," तो बाहेरूनच ओरडला. "लोग आते हैं."

त्याने मला डोळ्यांनी खुणावलं. मी वळकटी घेतली. आम्ही पुलावर चढलो. सिमेंटवर त्याच्या बुटांचा आवाज, माझ्या सपातांचा आवाज, मग दार, मग भिंत, मग डावीकडे. चौकात आलो तर उम्म सालेम मध्ये उभी, मान एका अंगाला करून आमची पावलं ऐकत होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"अंदर आए," ती हळूच म्हणाली. मग तिने बोटं उघडली. "एक. दो. तीसरा?"

झहूरने श्वासही घेतला नाही. "तीसरी मेरी माँ है. अगली आगबोट से आती."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो ट्रंकेखालून समोर बघत होता. हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं, एवढं मला त्याच्या मानेवरून कळलं. बोलून झाल्यावर तो माझ्याइतकाच हादरला होता.

म्हातारीने तोंड माझ्याकडे केलं. "सच, बिंती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हाजी, इंजिनियर, दोन गवंडी. खोटं म्हटलं असतं तर हाजीने आम्हाला त्याच पुलावरून बाहेर काढलं असतं. खरं म्हटलं तर पडवीच्या टोकाला तो छोटा चौकोन होता, आणि त्यात दगड डाव्या हाताला. वळकटी माझ्या काखेतून घसरत होती. दाभोळच्या अंगणातून गल्लीत जाणारी झहूरची पाठ मला आठवली. आता तो माझ्या शेजारी उभा होता, तोंड माझ्याच दिशेला.

"सच," मी म्हटलं.

उम्म सालेमने हात लांब केला, माझा खांदा चाचपला, आणि तिथेच रिकाम्या चौकात खाली बसली. "दरी डालो," तिने मुलाला सांगितलं. हाजी सालेम भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. झहूरने ट्रंक आमच्या खोलीत ठेवली. त्या खोलीलाही आतून कडी होती, मी आधी तीच पाहिली.

सासू उन्हाळा संपता संपता आली. सोबत कोकमं, सुकट आणि माझं रेशीम, पेटीसकट, चावी कमरेला. झहूर तिला बंदरावरून घेऊन आला. ती पुलावरून आली तेव्हा चौकातून उम्म सालेमचा आवाज आला, "तीन." माझी सासू थांबली, ही कोण मोजते म्हणून तिने एकदा बघून घेतलं, आणि सरळ मागे निघाली. ओटी, माजघर, पडवी. कुणाला काही न विचारता. वाट तिला ठाऊकच होती. मोरीत जाऊन खाली बसली, डावा हात लांब केला, तो नेमका दगडावर पडला. तिने दगडावरून हात फिरवला आणि वर बघितलं.

"चिनी लोकांना अक्कल हाय," ती म्हणाली.

झहूर दारातून नाहीसा झाला. मी काही करू नये असं ठरवून थोडा वेळ तशीच उभी राहिले, बादशहाप्रमाणे. मग राखेची वाटी तिच्यापुढे ठेवली आणि भांडी आणायला आत गेले.